स्पॅनिश जीभ आणि इंग्रजी उच्चार

गेल्या सहामाहींत नववीच्या वर्गांत इंग्रजीचा पाठ चालू असतां एक विद्यार्थी वाचावयास उभा राहिला. मुलगा हुशार, परंतु खेड्यांतून नुकताच आलेला. 'स्टेशन' हा शब्द येतांच त्याच्या तोंडून 'टेसन' असा उच्चार निघाला आणि सारा वर्ग खो खो हंसूं लागला. मुलगा खालीं बसला. त्या तासांत त्यानें पुन्हां तोंड उघडलें नाहीं. हंसणारांस आम्हीं विचारलें, "कां रे हंसलांत?" उत्तर आलें, "चुकला म्हणून, सर." "बरें, पण तो चुकला कां?" ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र एकासही देतां येईना. आळसामुळें चुकला, कीं अज्ञानामुळें, कीं आणखी कशानें? त्या प्रश्नाचें उत्तर सावकाश द्यावें, म्हणून हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या घराचा वास आपणांस येत नाहीं, पाहुण्यास येतो. तसेंच आपल्या जिभेचें आहे. म्हणून मराठी जिभेची परीक्षा करण्यापूर्वीं एका दूरच्या जिभेची परीक्षा करूं. ज्यांची मातृभाषा स्पॅनिश आहे असे लोक जगांत ४५ कोटींहून अधिक आहेत. स्पेन, मेक्सिको, कोलंबिया, पेरू, चिली, आर्जेन्टिना, क्यूबा इत्यादि देश तर त्यांचेच. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतही घरीं स्पॅनिश बोलणारे ४ कोटींहून अधिक लोक आहेत. त्यांच्या मुलांस व मोठ्या माणसांस इंग्रजी उच्चार शिकविणें हें हजारों शिक्षकांचें रोजचें काम आहे. त्या कामांत काय अडतें व कां अडतें, हें समजून घेतल्यास आमच्या वर्गांतील हंशाचेंही उत्तर सांपडेल.

प्रथम स्वर पाहूं. स्पॅनिश भाषेंत स्वर अवघे पांच : आ, ए, इ, ओ, उ. ते नेहमीं स्वच्छ उच्चारले जातात, आणि ऱ्हस्व-दीर्घ असा भेद करून शब्दाचा अर्थ बदलत नाहीं. उलट दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारांत साधे व संयुक्त मिळून २० स्वर मोजण्याचा प्रघात आहे. म्हणजे विद्यार्थ्याच्या घरांत खुंट्या पांच आणि टांगावयाचे अंगरखे वीस! साहजिकच एका खुंटीवर तीन-तीन, चार-चार अंगरखे पडतात. 'शिप' म्हणजे जहाज व 'शीप' म्हणजे मेंढी हे दोन्ही शब्द त्यास एकच ऐकूं येतात. 'कॅप', 'कप' व 'कॉप', म्हणजे टोपी, पेला व शिपाई, ह्या तिघांचाही तो एकच 'काप' करून टाकतो. ह्यांत नवल नाहीं. आपल्या बाराखडींतही ॅ आणि ॉ हीं चिन्हें मुळांत नव्हतीं. इंग्रजी शब्द लिहिण्याची गरज पडली तेव्हां तीं आपण करून घेतलीं. आपण दोन नव्या खुंट्या ठोकल्या, एवढाच काय तो फरक.

एका स्वराविषयीं मात्र मराठी मूल भाग्यवान् आहे. आपल्या वर्णमालेचा पहिलाच स्वर जो अ, त्याच्याशीं फार जवळचा असा एक पुसट स्वर इंग्रजींत आहे आणि इंग्रजी बोलण्यांत सर्वांत अधिक वेळां येणारा स्वर तोच होय. ज्या अवयवावर जोर पडत नाहीं तेथें इंग्रज मनुष्य बहुधा हाच स्वर वापरतो. 'बनाना' ह्या शब्दांत पहिला व शेवटचा स्वर असा पुसट, आणि मधला तेवढा लांब आ. स्पॅनिश मुलाच्या घरीं हा अ मुळींच नाहीं. म्हणून तो तिन्ही ठिकाणीं भरघोस आ घालून 'बानाना' म्हणतो. त्याच्या इंग्रजीस जो परकेपणा येतो त्याचा मोठा वांटा ह्या एका लहानशा स्वराच्या अभावाचा आहे.

आतां आमच्या 'टेसन'च्या सख्ख्या भावाकडे वळूं. स्पॅनिश मूल 'स्कूल' म्हणूं जातें आणि तोंडांतून 'एस्कूल' निघतें. 'स्टॉप'चा 'एस्टॉप' होतो, 'स्पेन'चा 'एस्पेन' होतो. शिक्षक रागावतो, मुलें हंसतात. पण थोडा इतिहास पाहावा. स्पॅनिश ही लॅटिन भाषेची कन्या. लॅटिनमध्यें शाळेस 'स्कोला' म्हणत, लिहिण्यास 'स्क्रीबेरे', ताऱ्यास 'स्तेला', श्वासास किंवा आत्म्यास 'स्पीरितुस'. ह्याच शब्दांचीं स्पॅनिश रूपें 'एस्कुएला', 'एस्क्रिबीर', 'एस्त्रेया' व 'एस्पीरितु' अशीं आहेत. आरंभीं 'स' व त्यास जोडून दुसरें व्यंजन आलें कीं त्यापुढें 'ए'चा आधार द्यावयाचा, हा ह्या भाषेचा शेंकडों वर्षांचा कायदा आहे. तेव्हां 'एस्कूल' म्हणणारा मुलगा बेपर्वाईनें बोलत नाहीं. ज्या नियमानें त्याची मातृभाषा घडली तोच नियम तो निष्ठेनें पाळतो आहे. उत्तर हिंदुस्थानांतील 'इस्कूल' ह्याच जातीचा. आमचा खेड्यांतील मुलगा आरंभींचा 'स'च गाळून 'टेसन' म्हणतो. एकानें दारापुढें पायरी बांधली, दुसऱ्यानें उंबराच काढून टाकला. अडचण दोघांचीही एकच.

शब्दाच्या शेवटींही अशीच अडचण आहे. स्पॅनिश शब्द बहुधा स्वरानें संपतो, किंवा न, स, र, ल, द अशा थोड्याच व्यंजनांनीं संपतो. इंग्रजी शब्दाच्या शेवटीं मात्र दोन-दोन, तीन-तीन व्यंजनें दाटीनें उभीं असतात. 'वॉक' म्हणजे चालणें आणि भूतकाळीं 'वॉक्ट'. विद्यार्थी शेवटचा 'ट' सोडून देतो. परीक्षक म्हणतो, ह्यास भूतकाळ येत नाहीं! वास्तविक भूतकाळ त्यास चांगला येतो. त्याच विद्यार्थ्यास लिहावयास सांगावें, तो बिनचूक लिहून दाखवील. येथें दोष व्याकरणाचा नसून जिभेचा आहे. शिक्षकानें हा भेद ओळखला नाहीं तर तो डोकेदुखीवर पोटाचें औषध देत बसतो.

मग उपाय काय? येथें आमच्या मतें साऱ्या विषयाचें मर्म आहे. जो ध्वनि विद्यार्थ्याच्या तोंडांत मुळींच नाहीं असें आपण समजतों, तो पुष्कळदां तेथें लपलेला असतो. शिक्षकाचें काम तो शोधून काढून त्याच्या हातीं देणें. इंग्रजी 'द' हा उपपदाचा शब्द घ्या. ह्यांतील ध्वनि आपला दंत्य द नव्हे. जिभेचें टोंक दांतांशीं हलकेंच धरून वारा घासत जाऊं द्यावा लागतो. स्पॅनिश मुलास हा ध्वनि नवीन सांगितला तर तें घाबरतें. परंतु 'कांहीं नाहीं' ह्या अर्थाचा त्याचा रोजचा शब्द 'नादा' त्यास म्हणावयास सांगावें. दोन स्वरांच्या मधला तो स्पॅनिश द असाच मऊ असतो. तो ध्वनि उचलून शब्दाच्या आरंभीं ठेवला कीं काम झालें. खरें सांगावयाचें तर ह्या बाबतींत तें मूल आपल्या मराठी मुलांच्या पुढें आहे!

झ ह्या घोष ध्वनीचें असेंच. दांतांशीं उच्चारला जाणारा 'झू' मधला तो झ स्पॅनिश अक्षरमालेंत स्वतंत्रपणें नाहीं. विद्यार्थी त्याच्या जागीं स ठेवतो. पण 'तोच' ह्या अर्थाचा 'मिस्मो' हा शब्द तो सहज बोलतो तेव्हां पुढच्या म मुळें त्यांतील स घोष होऊन जवळजवळ 'मिझ्मो' होतो. गळ्यावर हात ठेवून हा शब्द म्हणावयास लावावा, घशांतील कंप बोटांस कळतो. मग तो कंप हळूहळू लांबवावा. आरंभींच्या जोडाक्षरावरही युक्ति आहे. 'लोस तोनोस', म्हणजे 'सूर', हे दोन शब्द तो नित्य बोलतो. ते जोडून म्हणतांना प्रत्येक वेळीं 'लो' अधिकाधिक हळू म्हणावा. शेवटीं 'स्तोनोस' एवढेंच उरतें. तेथून इंग्रजी 'स्टोन' किती दूर आहे?

सगळेच ध्वनि असे घरांत सांपडतात असें मात्र नाहीं. ब व व्ह हीं दोन अक्षरें स्पॅनिश लिपींत आहेत, पण त्यांचा उच्चार एकच. 'तुबो' म्हणजे नळी आणि 'तुवो' म्हणजे त्याच्यापाशीं होतें. लिहिण्यांत भेद, कानास भेद नाहीं. म्हणून 'व्होट' व 'बोट', मत व नाव, ह्यांचा घोटाळा होतो. येथें आरसा कामास येतो. स्पॅनिशमध्यें फ आहे. वरचे दांत खालच्या ओठावर ठेवून तो फ लांबवावा व त्यांतच गळ्याचा नाद मिसळावा, म्हणजे हवा तो ध्वनि येतो. (आपणही इंग्रजींतील दोन भिन्न अक्षरांस एकाच व मध्यें कोंबून मद्यास व वेलीस एक करतों, हें हंसणारांनीं विसरूं नये.) श हाही प्रमाण स्पॅनिशमध्यें नाहीं, त्यामुळें 'शीप'चें 'चीप' होतें, म्हणजे मेंढी स्वस्त होते! परंतु तान्ह्या मुलास गप्प करण्याकरितां ओठांवर बोट ठेवून 'शूऽ' म्हणणाऱ्या आया तेथेंही आहेतच. त्या एका आवाजापासून प्रारंभ करावा.

शिवाय स्पॅनिश ही सर्वत्र एकसारखी नाहीं, हें शिक्षकानें ध्यानांत ठेवावें. माद्रिदचा विद्यार्थी 'पांच' ह्या अर्थाचा आपला शब्द जीभ दांतांत धरून 'थिंको' असा म्हणतो. त्यास इंग्रजी 'थिंक' सोपें. मेक्सिकोचा विद्यार्थी तोच शब्द 'सिंको' म्हणतो. त्याच्या तोंडीं 'थिंक'चें 'सिंक' होतें, म्हणजे 'मी विचार करतों' म्हणावयाचें तेथें 'मी बुडतों' असें होऊन बसतें. उलट क्यूबा व प्वेर्तो रिको येथील मुलास इंग्रजी ह कठीण नाहीं, कारण माद्रिदकरांचा खरखरीत ख तेथें मऊ ह झालेला आहे. पण शब्दाच्या शेवटचा न त्याच्या तोंडीं ङ होतो व शेवटचा स हवेंत विरतो. सर्वांस एकच औषध चालत नाहीं.

ध्वनींच्या पलीकडे बोलण्याचा ताल असतो. स्पॅनिश वाक्यांत अवयव साधारण सारख्या पावलांनीं चालतात, जणूं कवाईत. इंग्रजींत जोराचे अवयव लांब, बिनजोराचे आंखूड. एखाद्या उतावळ्या माणसाप्रमाणें कोठें ढांग तर कोठें तीन पावलें घाईनें. शिवाय स्पॅनिश शब्दांत जोर कोठें पडतो हें नियमानें ठरलेलें असतें, व अपवाद असल्यास अक्षरावर तशी खूण लिहितात. इंग्रजींत खूण नाहीं. 'फोटोग्राफ' ह्यांत जोर पहिल्या अवयवावर, 'फटॉग्रफर' ह्यांत दुसऱ्यावर, 'फोटग्रॅफिक' ह्यांत तिसऱ्यावर. लिहितांना मात्र शब्दाचा पूर्वार्ध तोच. लिहिल्याप्रमाणें वाचण्याची लहानपणापासून संवय असलेलें स्पॅनिश मूल अक्षरांवर विश्वास ठेवतें आणि फसतें. म्हणून चांगला शिक्षक नवा शब्द फळ्यावर लिहिण्यापूर्वीं चार वेळां ऐकवितो, आणि टाळी किंवा टेबलावरील टिचकी ह्यांनीं जोराचा अवयव दाखवितो.

ऐकवितो, असें आम्हीं मुद्दाम म्हटलें. कारण जिभेच्या आधीं कान आहे. १९८४ सालीं जॅनेट वर्कर व रिचर्ड टीज ह्या कॅनडांतील दोन शास्त्रज्ञांनीं तान्ह्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. हिंदींतील त व ट हे भिन्न ध्वनि इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या मुलांस वेगळे ओळखतां येत. तींच मुलें दहा-बारा महिन्यांचीं होईतों ती शक्ति पुष्कळ ओसरे. आपणांस त व ट एक कसे वाटूं शकतात ह्याचें आश्चर्य वाटतें; स्पॅनिश कानास 'शिप' व 'शीप' तसेच एक वाटतात. मातृभाषा शिकणें म्हणजे कांहीं भेद पक्के करणें आणि कांहीं सोडून देणें. सोडलेला भेद पुढें परत मिळवितां येतो, परंतु त्यास परिश्रम लागतात. ह्यावरून पायऱ्या ठरतात : प्रथम जोडशब्द ऐकवून 'पहिला कीं दुसरा' एवढेंच बोटानें दाखवावयास सांगावें, कान तयार झाल्यावर तोंडास बोलवावें, मग शब्द, मग वाक्य, आणि शेवटीं संभाषण. कान तयार होण्याआधीं तोंडास झोडपणें व्यर्थ आहे.

नुसत्या हुकुमानें उच्चार येत असते तर ते प्वेर्तो रिको बेटांत केव्हांच आले असते. १८९८ सालच्या युद्धानंतर तें बेट स्पेनकडून अमेरिकेकडे गेलें. पुढें सुमारें अर्धशतक तेथील स्पॅनिश भाषिक मुलांस इंग्रजीच्या माध्यमांतून शिकविण्याचे निरनिराळे प्रयोग झाले. कधीं सर्व इयत्तांत, कधीं वरच्या इयत्तांतच. शिक्षक बहुतेक स्वतःच स्पॅनिश भाषिक. शेवटीं १९४९ सालीं शाळांचें माध्यम स्पॅनिश झालें आणि इंग्रजी हा एक विषय राहिला. ज्या घरांतून मूल येतें त्या घराकडे पाठ फिरवून परकी भाषा शिकवितां येत नाहीं, हा धडा त्या बेटानें दिला.

आतां किती शुद्धता मागावयाची? डॅनियल जोन्स ह्यांचा प्रख्यात इंग्रजी उच्चारकोश १९१७ सालीं निघाला; त्यांत इंग्लंडांतील उच्चशिक्षित कुटुंबांचे उच्चार नमुना म्हणून घेतले होते. परक्या विद्यार्थ्यानेंही त्या नमुन्यास अगदीं तंतोतंत पोंचावें अशी पुष्कळांची समजूत होती. १९४९ सालीं डेव्हिड अ‍ॅबरक्रॉम्बी ह्यांनीं असें प्रतिपादिलें कीं बहुतेक विद्यार्थ्यांस ऐकणारास विनासायास समजेल एवढा उच्चार पुरे आहे. पुढें २००० सालीं जेनिफर जेंकिन्स ह्यांनीं कोणत्या दोषानें समजण्यांत खरोखर अडथळा येतो ह्याची छाननी केली. स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद, आरंभींचीं जोडाक्षरें व वाक्यांतील मुख्य जोर हीं त्यांनीं महत्त्वाचीं मानलीं. जीभ दांतांत धरून करावयाच्या ध्वनीवर तितका भर देण्याचें कारण नाहीं, असें म्हटलें. ज्या ध्वनीपायीं शिक्षक वर्षें खर्च करितात तोच कदाचित् सर्वांत कमी अडणारा निघावा, हें विचार करण्यासारखें आहे.

उच्चार ही केवळ वर्गांतील गुणांची गोष्ट नव्हे. शास्त्यांच्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायांत यार्देनेच्या उतारांवरील गोष्ट आहे. पळून जाणाऱ्या एफ्राइमी लोकांस गिलादी पहारेकरी 'शिब्बोलेथ' म्हणावयास लावीत. ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघे त्यास ठार करीत. एका श पायीं ४२,००० माणसें पडलीं. ही गोष्ट पुरातन म्हणून सोडून देतां येत नाहीं. १९३७ सालीं डोमिनिकन प्रजासत्ताकांत हुकूमशहा त्रुखियो ह्याच्या सैनिकांनीं हजारों हैतियन लोकांची कत्तल केली. तेव्हां कोथिंबिरीसारख्या एका पाल्याचें 'पेरेखील' हें स्पॅनिश नांव म्हणावयास लावून, ज्यास त्यांतील र व ख नीट साधेना तो परका ठरवीत, असें सांगतात. तेथें स्पॅनिश जीभ पहारेकरी होती. तीच जीभ इंग्रजीच्या उतारावर येते तेव्हां एफ्राइमी ठरते. २०१० सालीं अ‍ॅरिझोना राज्यांत इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांच्या परक्या उच्चारांच्या तपासणीवरून मोठा वाद झाला. त्यांत स्पॅनिश मातृभाषेचे शिक्षक पुष्कळ होते. मध्यवर्ती सरकारच्या चौकशीनंतर पुढील वर्षीं राज्यानें ती तपासणी सोडून दिली. आज येथें कोणी तलवार उपसत नाहीं हें खरें. परंतु हंशानेंही माणसाचें तोंड बंद होतें.

विद्यार्थी मित्रहो, दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गांत आम्हीं एक आरसा नेला. हंसणारांपैकीं एकेकास पुढें बोलावून जिभेचें टोंक दांतांशीं धरून इंग्रजी 'द' म्हणावयास सांगितलें. पहिल्यानें आपला साधा द म्हटला, दुसऱ्यानेंही तोच, तिसऱ्याची जीभच चावली गेली! मग त्या खेड्यांतील मुलास आम्हीं म्हटलें, "'बस टेकून' असें म्हण पाहूं." तो म्हणाला. "आतां 'ब' हळू म्हण. आणखी हळू. आतां मनांतच म्हण." 'स्टेकून' असा उच्चार स्वच्छ बाहेर पडला. मग 'स्टेशन' म्हणावयास सांगितलें. त्यानें तें पहिल्या झटक्यास म्हटलें, आणि स्वतःच चकित होऊन आमच्याकडे पाहूं लागला. त्या तासास पाठाचें उरलेलें पान त्यानेंच वाचलें. मधून मधून तो चुकला. वर्ग शांतपणें ऐकत होता.